डर्मटसाठी मांडलेली खुर्ची

तळघरातून गोल झाल्याचा आरडाओरडा आला आणि रोझलिनची ओळ पुन्हा तुटली. बोटाने पुस्तकातली जागा धरून तिने जमिनीवर दोनदा पाय आपटला. आवाज कमी झाला, पण बंद काही झाला नाही.

डर्मट, म्हणजे तिचा नवरा, बॉस्टनच्या बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झाला आणि तळघरात टीव्हीसमोरच्या आरामखुर्चीत जाऊन बसला, तो बसलाच. सकाळी बातम्या, दुपारी हॉकीचे जुने सामने, संध्याकाळी नवे. सगळा देश एकाच वेळी एकाच विनोदाला हसतो आणि त्यात आपलाही माणूस हसतो, याची तिला मनापासून चीड येई.

तिच्या मांडीवरच्या बाराशे पानी कादंबरीत नेमकं हेच तर सांगितलं होतं. करमणूक माणसाशी गोड बोलते आणि बघता बघता त्याचा 'मी' काढून घेते. पुस्तक अवघड होतं. वाक्यं पान पान लांब आणि टिपा सगळ्या शेवटी, त्यामुळे दोन खुणा घालून वाचावं लागे. वाचनमंडळातल्या बायकांनी ते कसंबसं उरकलं आणि लगेच कुठल्याशा खुनाच्या गोष्टीवर उड्या मारल्या. त्याच दिवशी रोझलिनने मंडळ सोडलं. एका वाचनात कळावं असलं पुस्तकच नव्हतं ते. आत्ता कुठे, चौथ्या खेपेला, ते तिच्याशी खरं बोलू लागलं होतं.

नाताळात तिने ते डर्मटच्याही हातात ठेवलं होतं. चार दिवसांनी त्याने परत आणून दिलं आणि म्हणाला, "यात तू काही मला सापडली नाहीस." आता याला काय म्हणावं? स्वतःचं असं एक मत नव्हतं त्या माणसाला. जेवताना तिने पुस्तकातले उतारेच्या उतारे म्हणून दाखवले तरी तो नुसता घास चावत राही.

परवा सूप करपून पातेलं काळंठिक्कर पडलं. स्वयंपाकघर धुराने भरलं, अलार्म कोकलत होता, आणि या गृहस्थाला तळघरातून वर यायला केवढा वेळ! आला, गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि तिच्याकडे बघत उभा राहिला. चुकलं, एवढंही तोंडातून निघालं नाही.

पातेलं गेलं चुलीत. पण टेसचं काय? गेल्या महिन्यात मुलीने, ब्रिजिटने, चार वर्षांच्या नातीला दुपारपुरतं त्यांच्याकडे ठेवलं होतं. पोर नुसत्या मोज्यांवर दार उघडून बर्फात गेली. शेजारच्या मिसेस पचेको तिला उचलून घेऊन आल्या तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते, आणि तळघरात सामना रंगात आला होता. त्या दिवसापासून ब्रिजिटने टेसला या घराची पायरी चढू दिली नव्हती. नातीची लाल टोपी अजून दारामागच्या खुंटीला होती. ती दिसली की रोझलिनला भडभडून येई. मग स्वतःला सावरायला ती पुस्तक उघडून बसे.

म्हणून ब्रिजिटचा फोन आला तेव्हा तिला हायसं वाटलं. हे असं पुढे चालू द्यायचं नाही, ब्रिजिट म्हणाली. रविवारी ती फेंटन नावाच्या समुपदेशकांना घेऊन येणार होती. सगळ्यांनी मिळून बसायचं, प्रत्येकाने तोंडावर खरं बोलायचं. रोझलिनला असली बैठक ठाऊक होती. तिच्या भावाची दारू अशाच बैठकीने सुटली होती. त्याला एका खुर्चीत बसवलं होतं, समोर घरचे सगळे, आणि तो लहान मुलासारखा रडला होता.

"बाबांशी मी बोलते," ब्रिजिट म्हणाली. "टेसला पुन्हा आणता यावं, एवढंच मला हवंय."

रविवारी डर्मटने आपणहून टीव्ही बंद केला. कॉफी केली. पुढच्या खोलीत खुर्चीही त्यानेच नेऊन ठेवली. बिचाऱ्याला पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नाही, असं वाटून रोझलिनला त्याची दयाच आली. त्याला वाचून दाखवायचा उतारा तिने काढून ठेवला. पुढच्या खोलीतून हाक आली, गाडीचं दार वाजलं, पुन्हा हाक आली. एवढं प्रकरण संपवून जाऊ, असं म्हणता म्हणता तिला थोडा उशीर झाला.

ती आत आली तेव्हा सगळे बसले होते. फेंटन रुंद खांद्यांचे आणि बोलायला मऊ होते. त्यांच्या शेजारी सोफ्यावर ब्रिजिट आणि तिला खेटून डर्मट. त्यांच्या समोरची खुर्ची तशीच रिकामी होती. नेहमीसारखी मऊ जागा पटकावली याने, रोझलिनच्या मनात आलं.

"डर्मट, तुझी जागा ती आहे."

तो उठला नाही. "टीव्ही मी आवाजासाठी लावतो, रोझ," तो म्हणाला. "घरात कोणीतरी बोलत असावं म्हणून."

"बघा," रोझलिन फेंटनना म्हणाली, "ही यांची सबब."

"आई, टेस बर्फात गेली तेव्हा बाबा घरात नव्हते," ब्रिजिट म्हणाली. "टेसचं खोकल्याचं औषध आणायला गेले होते. तुला सांगून गेले होते. टीव्ही तसाच चालू राहिला, एवढंच. तू पुढच्या खोलीत होतीस. टेस तुझ्या खुर्चीला वळसा घालून दारापर्यंत गेली. तुला हाका मारल्या, म्हणते."

रोझलिनने पुस्तक छातीशी धरलं.

फेंटन उठले. त्यांनी ती खुर्ची तिच्यासाठी जरा पुढे ओढली आणि हात पसरला. "या, बसा," ते म्हणाले. "आणि ते पुस्तक आता माझ्याकडे द्या."