शेवटची बाइक

आखातातल्या जेबेल जैस डोंगराच्या एका वळणावर राजाभाऊंची बाइक बंद पडली.

चढ होता. पुढच्या तिन्ही बाइक वळणाआड गेल्या. राजाभाऊंनी क्लच दाबायला घेतला, तर डाव्या हाताची बोटं वळेचनात. इंटरकॉमचा माइक त्यांनी मघाशीच म्यूट केला होता. आपली धाप कुणाला ऐकू जायला नको.

"टेल, सगळे आले का?" हेल्मेटमध्ये अनिलचा आवाज आला. अनिल कॅप्टन, सगळ्यात पुढे; राजाभाऊ टेल, सगळ्यात शेवटी. "राजाभाऊ? हॅलो?"

म्यूटचं बटण हेल्मेटच्या डाव्या बाजूला. डावा हात आत्ता कुठे क्लचवर बसला होता. काढला तर परत बसेल याची खात्री नव्हती.

"रेंज गेली वाटतं," अनिल म्हणाला. "बरंच झालं. तन्मय, ऐक. तुझ्या बाबांना बाल्कनच्या टूरला न्यायचं का आपण?"

"काका, कॅन वी नॉट डू धिस नाऊ?"

"मग कधी? सप्टेंबर आलाच. तिकडे बोस्नियात असले डोंगर रोज आहेत, आणि रस्ता याच्या निम्मा. मघाशी दोन वळणांवर पाय टेकवला त्यांनी. मी आरशात बघितलं."

"पण डॅड, मला नेतोयस ना?" मधेच सृष्टी, अनिलची मुलगी. "माझं लायसन्स तर कालचं आहे."

"तू माझ्या मागे असतेस. नवीन माणूस कॅप्टनच्या मागे, सगळ्यात पक्का माणूस शेवटी. राजाभाऊंनीच घालून दिलाय हा नियम. मला कॅप्टन त्यांनीच केलं."

बाइक सुरू झाली. राजाभाऊंनी पहिला गिअर टाकला. निघाले नाहीत.

"बोल ना तन्मय."

"ही कान्ट, काका." तन्मयचा आवाज बारीक झाला. "घरी आई त्यांना चहा अर्धाच कप देते आता. भरून दिला की सांडतो. ते काही बोलत नाहीत, आम्ही पण बोलत नाही."

"डॉक्टर?"

"गोळ्या चालूयेत. बरं होणारं नाहीये म्हणे."



"मग तू सांग त्यांना."

"मी नाही. प्लीज. ऑक्टोबरात रिटायर होऊन पुण्याला जाणार ते. ही सगळी टूर त्यांनी आखलीये, काका. साराएवोपासून कोटोरपर्यंत एकेक वळण पाठ आहे त्यांना. तुम्ही सांगा, की बाइक भाड्याने देणारे नाही म्हणतायत. तुमचं ऐकतील."

"तुझ्या मागे बसून आले तर?"

"बाबा? मागच्या सीटवर?" तन्मय हसला. लगेच थांबला.

राजाभाऊंनी हळूच क्लच सोडला.

वर पार्किंगमध्ये चहाची व्हॅन उभी होती. तिघं हेल्मेट काढून बसले होते. राजाभाऊ पोचले, बाइक लावली, टेलचं पिवळं जॅकेट सारखं केलं.

"काय राजाभाऊ, रेंजच गेली तुमची," अनिल म्हणाला.

"हो. डोंगर आहे ना."

तन्मय करक, म्हणजे इकडचा कडक दुधाचा चहा, घेऊन आला. तिघांचे कागदी कप भरलेले. राजाभाऊंचा अर्धा.

"अर्धाच?"

"गरम आहे, बाबा."

राजाभाऊंनी कप उजव्या हातात घेतला. डावा हात जॅकेटच्या खिशात.

अनिलने घसा साफ केला. "ते, तिकडच्या बाइकवाल्यांचा मेल आलाय. साठीच्या माणसाला बाइक देत नाही म्हणतायत. मी भांडलो, पण..."

"मी एकोणसाठचा आहे," राजाभाऊ म्हणाले. "साठ ऑक्टोबरात."

सृष्टी बूट काढून त्यातला खडा शोधत बसली. तन्मय खाली दरीकडे बघत होता.

"बघतो मग," अनिल म्हणाला. "परत विचारून बघतो."

"विचार." राजाभाऊंनी चहा संपवला. "नाहीच म्हणाले, तर भांडू नकोस. त्यांचं पण बरोबर असेल."

ते उठले. पिवळ्या जॅकेटची चेन उजव्या हाताने ओढली. अडकली. तन्मय पुढे आला, तसं त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मग सावकाश ओढत जॅकेट काढलं आणि त्याच्या खांद्यावर टाकलं.

"हे कशाला, बाबा?"

"घाल. उन्हात लांबून दिसतं."

त्यांनी आपली बाइक ढकलत पुढे नेली. आधी तन्मयच्या बाइकपुढे. मग सृष्टीच्या. अनिलच्या बाइकच्या बरोबर मागे नेऊन स्टँडवर लावली आणि हेल्मेट चढवलं.

"अंकल, ती माझी जागा आहे," सृष्टी म्हणाली.

"तुला प्रमोशन."



चौघं बाइकवर बसले. निघण्याआधी अनिलने नेहमीसारखं विचारलं, "चेक. सगळ्यांना येतंय ऐकू?"

"येस, डॅड."

तन्मय पिवळ्या जॅकेटची चेन लावत होता.

"येतंय," राजाभाऊ म्हणाले. माइक आता चालू होता. त्यांची धाप तिघांच्याही कानात होती. "मघापासून येतंय. चल, यल्ला."

अनिलने बाइक काढली. मागोमाग तिघं.

खाली सरळ रस्ता लागला. तन्मयच्या मागे आता कुणी नव्हतं. आजवर बाबा त्याला आरशातच दिसायचे, आज पहिल्यांदा त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी डावा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवला होता. तिथेही तो हलत होता.