मोकळा खेळाडू

“पाटी पैठणची अन् गाडी जालन्याची,” सर्जेराव टीव्हीकडं बघत म्हणाले. “लिहिलंय साडेसहाला बास्केटबॉल, दाखवतायत म्हशीच्या पेंडीची जाहिरात. आमच्या स्टँडावर असं झालं असतं तर लोकांनी मला खिडकीतून ओढून काढलं असतं.”

“अण्णा, जुलै आहे. हंगाम संपला. आता जुन्याच मॅच लावणार,” तनुजा म्हणाली.

“जुनी का असंना, टायमावर लावा की.”

सर्जेराव बत्तीस वर्षं एसटीत होते, त्यातली शेवटची अकरा पाचोडच्या स्टँडावर वाहतूक नियंत्रक. निवृत्तीनंतरही पहाटे पाचला डोळा उघडायचा. त्या वेळी मुकुंदवाडीतल्या त्यांच्या घरात टीव्हीवर थेट असं एकच चालू असायचं, अमेरिकेतलं बास्केटबॉल. पहिल्या महिन्यात त्यांना नियम कळले. दुसऱ्या हंगामात ते चेंडू सोडून माणसं बघायला लागले.

तनुजाचा फोन वाजला. बातमी वाचून ती ताठ बसली.

“अण्णा, चौदा नंबर गेला! दुसऱ्या संघाशी करार केला त्यानं.”

“जाणारच होता.” सर्जेरावांनी चहात खारी बुडवली.

करार संपला की तिथला खेळाडू मोकळा होतो. राहायचं की दुसरा संघ धरायचा, हे त्याचं तो ठरवतो. कोण जाणार यावर तिकडचे जाणकार महिना महिना डोकं फोडतात. सर्जेराव मार्चमध्येच सांगून टाकायचे.

त्यांची मुलगी तनुजा संख्याशास्त्रात एमएस्सी झालेली. हा योगायोग आहे हे सिद्ध करायला तिनं दोन वर्षांपूर्वी वही सुरू केली होती. रकाने तीन: खेळाडू, जुना संघ, नवा संघ. पहिले दोन मार्चमध्ये भरायचे, तिसरा जुलैत. आता तिनं बारावी ओळ पूर्ण केली. बारापैकी बारा. नाणं उडवून एवढं साधायचं तर चार हजार शहाण्णव खेपांत एकदा.

खाली तेरावी ओळ कोरी होती. ‘एक जण राहिला, नाव मागाहून सांगतो,’ असं म्हणून अण्णांनी ती मार्चमध्ये राखून ठेवायला लावली होती.

तिच्या अंगावर काटा आला. बीएस्सीला असताना तिनं दुर्बिणीतून पहिल्यांदा शनीची कडी पाहिली होती, तेव्हा आला होता तसाच. कडी आधीपासून तिथंच होती, तिनं फक्त पाहिलं नव्हतं. समोर बनियनवर बसलेला हा माणूस मिशीला लागलेला खारीचा चुरा पुसत होता.

आणि त्याला सोडून जायचं?

बेंगळुरूच्या संशोधन संस्थेचं पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. आज संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आई जाऊन सहा वर्षं झाली, घरात दोघंच. त्यात अण्णा हल्ली थकले होते. रिमोटवरून रोज जुंपायची, आता तिनं काहीही लावलं तरी गप्प. शेजारच्या कडूबाकाकांची शिडी चार वर्षं अंगणात पडून होती, ती परवा स्वतः खांद्यावर नेऊन दिली. इन्व्हर्टरमध्ये पाणी कसं घालायचं ते तिला दोनदा दाखवलं, जणू आता आपल्याच्यानं होणार नाही. आणि भाजीसाठी दर आठवड्याला थेट पाचोडचा बाजार! जुन्या स्टँडाची ओढ, दुसरं काय. तेवढीच त्यांची करमणूक.

“कसं कळतं हो तुम्हाला?” तिनं विचारलं.

“स्टँडावर कळायचं. परत येणारा अन् कायमचा जाणारा, दोघांच्या हातात पिशवी एकच असती. पण कायमचा जाणारा भांडत नाय. सुट्ट्यावरून नाय, जागेवरून नाय. कुणाचं काय घेतलेलं असंल तर देऊन टाकतो. अन् आपलं काम गुमान दुसऱ्याला शिकवून ठेवतो. चौदा नंबर जानेवारीपासनं पंचाशी एकदा तरी हुज्जत घालत होता का? आशाबाईला तर माझ्या आधी कळायचं.”

“कोण आशाबाई?”

“स्टँडावर हॉटेल आहे तिचं. लई बारीक नजर.”

तनुजानं मान खाली घातली. जाणारा भांडत नाही, एवढं अण्णांच्या तोंडून तिनं पूर्वीच ऐकलं होतं. त्यांना सुगावा लागू नये म्हणून ती तीन आठवडे मुद्दाम भांडत होती. मिठावरून, टॉवेलवरून, पंख्याच्या वेगावरून.

“अण्णा, बेंगळुरूहून नोकरी आलीय. मी नाही म्हणून कळवतेय.”

“का?”

“तुम्हाला इथं एकट्याला टाकून जाऊ?”

टीव्हीवर एकदाची मॅच लागली. सर्जेरावांनी आवाज बंद केला.

“तीन आठवडे मिठावरून भांडतीस. चव एकदाबी बिघडलेली नव्हती. मी म्हणलं, पोरगी निघाली. जाणाऱ्यानं भांडणाचं सोंग घेतलेलं पहिल्यांदाच बघितलं.”

तनुजाला हसू आलं आणि डोळेही भरले. मार्चमध्येच तर तिनं अर्ज केला होता. तेव्हापासून या माणसाला माहीत होतं! तिनं वही त्यांच्यापुढं सरकवली.

“म्हणजे तेरावी ओळ माझी.”

“तू व्हय?” सर्जेराव पहिल्यांदाच गोंधळले. त्यांनी कानाची पाळी चोळली. “संध्याकाळी सांगणार होतो. पेन आण.”

पहिल्या रकान्यात त्यांनी सावकाश लिहिलं, ‘सर्जेराव’. दुसऱ्यात, ‘मुकुंदवाडी’. तिसऱ्यात, ‘आशाबाई, पाचोड’.