राखाडी तुकडा

"सगळं आठवतं आईला, मावशी. फक्त हा एक चौकोन सोडून," पोरगी म्हणाली आणि तिनं टेबलावरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

गोधडीवाल्या मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला. कापायच्या टेबलावर त्यांनी खडूनं अख्खी गोधडी आखली होती. वरच्या कोपऱ्यात वडिलांच्या विजारीची कॉर्डरॉय. तिच्या शेजारी कोटाच्या कॉलरची मखमल. मग पडद्याचं जाड सुती कापड, मग फ्लॅनेल. आणि बरोबर मधोमध काहीच नाही.

"रंग कुठले होते?"

"रंग राहू द्या. आईला आता दिसत नाही. बोटांना पटलं पाहिजे."

गेल्या थंडीत म्हातारीला जबर ताप भरला होता. तापात तिनं एकच धोशा लावला होता, 'बाळे, माझी गोधडी आण.' एकेक तुकडा कशाचा ते सांगत जायची, मधल्यापाशी मात्र अडायची. पोरगी 'आणते हं आई' म्हणून बसली. मग सगळी कपाटं पालथी घातली, माळा झाडला. गोधडी कुठंच नव्हती. ताप उतरला आणि म्हातारीनं पुन्हा तो विषय काढला नाही.

"मागत नाही ना आता? मग हा खटाटोप कशाला?" मावशींनी विचारलं.

"मी आणते म्हणाले होते." पोरगी म्हणाली. "पण तिला कळलं ना, की ही ती नव्हे, तर मी तिला तोंड कसं दाखवू? परत माझ्यावर विश्वास ठेवेल का ती?"

"हरवली कशी पण?"

"घर बदलताना राहिली असेल."

"तूही पांघरली असशील की लहानपणी. जड होती का हलकी?"

"लहानपणीचं काही आठवत नाही मला," असं म्हणून पोरगी बोटांवरचा खडू झटकत बसली.

मावशींनी सुईत दोरा ओवला. "बरं, आई डावखुरी आहे का? डावखुरं माणूस दुसऱ्या कडेपासून टाके घालतं. गाठी पलीकडे येतात. तिच्या बोटांना ते लगेच कळेल."

पोरगी गोंधळली. "बघून सांगते."

"अगं बाई! जन्म गेला तिच्या हातचं खाऊन, आणि हात कुठला ते माहीत नाही!"

पोरगी हसली. दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानातली पाळी संपवून ती धापा टाकत आली. "डावखुरी आहे, मावशी!" जणू काही बक्षीसच लागलं होतं.

मावशी कामाला लागल्या. जुनं कापड त्यांच्याकडे ट्रंका भरभरून होतं. त्या झाकण उघडायच्या तेव्हा कुणाकुणाच्या घरांचे वास एकदम बाहेर यायचे. पण कॉर्डरॉय मिळाली ती अगदी कोरी. ती म्हातारी करायला मावशींनी सोड्यात उकळली, दगडावर घासली, गच्चीवर ऊन-वारा खायला टाकली. गुडघ्याची झीज हवी म्हणून स्वतः ती गुडघ्याला बांधून फरशी पुसली. "या वयात रांगायला लावलंस मला," त्या पोरीला म्हणाल्या.

शेवटी उरला मधला चौकोन. पोरीनं पिशवीतून एक राखाडी झगा काढला. लहान मुलीचा, खरखरीत, पाठीवर दोनदा रफू केलेला.

"हा माझा. वसतिगृहात आम्ही सगळ्या हेच घालायचो."

"टोचेल हा. तिची बोटं इथंच अडतील बघ."

"अडू देत," पोरगी हळूच म्हणाली. "तिथं काय होतं ते तिला नाहीतरी आठवत नाही. माझं काहीतरी असू दे त्यात."

मावशींनी कात्री उचलली. रफूचा भाग तेवढा शाबूत ठेवला.

गोधडी पोचवायला मावशी स्वतः गेल्या. काही चुकलं तर तिथल्या तिथं उसवता येईल म्हणून सुई-कात्री बरोबर घेतली.

दोन खोल्यांचं घर. खिडकीशी पलंग. म्हातारी उशीला टेकून बसली होती.

"आई, तुझी गोधडी सापडली," पोरगी म्हणाली. आवाज जरा जास्तच मोठा झाला.

म्हातारीनं दोन्ही हात पुढे केले. आधी कड चाचपली, मग गाठी. मग बोटं एकेका तुकड्यावरून चालू लागली.

"ही विजार. गुडघ्यावर पार विरली होती, तरी सोडवत नव्हती त्यांना." ती गालात हसली. "हा कोट. हा पडदा, स्वैपाकघरातला."

मधल्या चौकोनावर बोटं थांबली. पुढे गेली, परत मागे आली. रफूवर रेंगाळली.

"हा कुठला गं?"

 मावशींचा हात पिशवीतल्या कात्रीकडे गेला.

"माझ्या... माझ्या शाळेच्या झग्याचा, आई."

म्हातारीनं त्या तुकड्यावर तळवा पसरला. 

"हा कसा विसरले मी? किती टोचायचा तुला. मान लाल व्हायची."

पोरीचा हात आपसूक मानेकडे गेला. तिनं डोळे पुसले, 'चहा टाकते' म्हणाली आणि जवळजवळ पळतच आत गेली.

म्हातारीनं गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. "टाके सुरेख आहेत तुमचे, बाई. डाव्या हाताच्या गाठीसुद्धा जमवल्यात."

मावशी ओशाळल्या. "म्हणजे तुम्हाला कळलं?"

"हळू बोला." आत कपबश्या वाजत होत्या. म्हातारीनं चाचपडत मावशींचा हात धरला. "माझी लेक सातव्या वर्षीच गेली. ती गोधडी तिच्याच अंगावर घालून मातीत दिली मी. ही दुकानातून औषध घेऊन आली होती; तापात मी 'बाळे' म्हटलं आणि तिनं ओ दिली. या पोरीला मात्र सांगू नका हं, तिला वाटतं मला काही ठाऊक नाही."