किती बोटं?

खडूच्या दोन रेघांमधून वोब्बे सायकल चालवत होते आणि त्यांचं चाक एकदाही रेघेला लागलं नव्हतं. कुंपणापाशी उभी असलेली त्यांची मुलगी हिस्के ते बघून हिरमुसली. ते पडावेत असं काही तिला वाटत नव्हतं. जरासा तोल जावा, चारजणांना दिसेल इतपत, एवढंच.

वोब्बे ब्याऐंशी वर्षांचे. दोन्ही गुडघे गेलेले. पायी गल्लीच्या टोकापर्यंतही जाववत नाही. पण एकदा सायकलवर टांग टाकली की सगळं लेउवार्डन शहर त्यांचं. बाजार, न्हावी, कालव्याकाठची बाकं, आणि गुरुवारी बांधावरच्या रस्त्याने मेहुण्याकडे, धुरी दिलेला मासा खायला. त्याच रस्त्यावर ते या वसंतात घसरले आणि बरगडी मोडून घेतली. तेव्हापासून फोन वाजला की हिस्के हातातलं काम टाकून धावायची. सायकल सोडा, असं तिने एकदाच म्हणून पाहिलं होतं. मग दिवसभर काय करू, खिडकीत बसून तुझी वाट बघू, असं बाबांनी अगदी शांतपणे विचारलं होतं. पुन्हा म्हणायची तिची छाती झाली नाही.

अशात नगरपालिकेची जाहिरात आली. पासष्टीपुढच्यांसाठी सायकलची उजळणी, फुकट, वर कॉफी. हिस्केने बाबांचं नाव घातलं आणि शिकवणाऱ्या रूलीनला गुपचूप फोनही केला. तुम्हीच सांगा ना त्यांना, माझं काही ऐकत नाहीत. रूलीन हसली. म्हणाली, अहो, म्हाताऱ्यांनी सायकल चालवत राहावं म्हणून नगरपालिकेने मला ठेवलंय, सोडवायला नाही. पण धोका दिसला तर तोंडावर सांगेन.

मैदानावर दहा-बारा म्हातारे-म्हाताऱ्या जमले होते. प्रत्येकाला हेल्मेट दिलं होतं. जन्मात कुणी ते घातलं नव्हतं. वोब्बेंनी ते डोक्यावर चढवताच त्यांच्यातल्याच ट्राइनआजीने त्यावर टकटक केलं आणि कलिंगड पिकलंय का रे, असं विचारलं. तुझ्याइतकं नाही, असं वोब्बेंनी ऐकवलं. मंडळी खिदळली. हिस्के सोडून.

थांबणं झालं, उतरून पुन्हा चढणं झालं, एक हात सोडून वळणंही झालं. सगळ्यात वोब्बे सरस. आता शेवटचं राहिलं, डावीकडे, म्हणजे रस्ता ओलांडून, वळण्याआधी मागे बघण्याचं. इथलं पोर शाळेत असल्यापासून हे शिकतं आणि म्हातारपणी आधी हेच सुटतं. मान आखडते, मग माणूस न बघताच वळतो. सायकलवाल्याने सरळ जात राहायचं, रूलीनने मागे उभं राहून बोटं वर करायची, आणि त्याने मान वळवून, चाक डगमगू न देता, किती ते ओरडून सांगायचं.

वोब्बे निघाले. रूलीनने दोन बोटं वर केली. तिच्या पाठीमागेच हिस्के कुंपणाचा गज दोन्ही हातांनी धरून उभी होती.

वोब्बेंनी मान वळवली. क्षणभर बघितलं.

"चार," ते म्हणाले.

ऊन डोळ्यांवर आलं असेल, असं रूलीनला वाटलं. तिने पुन्हा करायला लावलं. पाच बोटांना ते तीन म्हणाले. तिसऱ्या खेपेला तर मान अर्धीच वळवली आणि पाय टेकून थांबले. रूलीनने आरसा सुचवला, तीन चाकांची सायकल सुचवली, पुढच्या आठवड्यात तुम्हाला एकट्याला शिकवते म्हणाली. वोब्बेंनी हेल्मेट काढून तिच्या हातात दिलं.

"नको गं पोरी. डोळे गेले, मान गेली. माझं झालं आता."



हिस्केला हवं होतं ते झालं होतं आणि तिला वाईटपणाही घ्यावा लागला नव्हता. गाडीच्या मागे सायकल बांधताना तिने पट्टा उगाच पुन्हा पुन्हा आवळला. वाटेत ती एकसारखी बोलत राहिली. गुरुवारी मामांकडे मी नेईन. बाजार मी आणून देईन. न्हावी हल्ली घरीसुद्धा येतात. वोब्बे प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेले. इतके शहाण्यासारखे ते आयुष्यात वागले नव्हते.

घरापुढे गाडी थांबली. त्या रस्त्यावर उभ्या गाड्यांच्या उजव्या अंगाने, वोब्बेंच्या दाराला लागूनच, सायकलींची वाट जाते. थांबा, मी येऊन दार उघडते, असं हिस्के म्हणेपर्यंत वोब्बेंचा डावा हात, दारापासून लांबचा हात, दाराच्या कडीवर गेलाही होता. इथे गाडी शिकताना असंच शिकवतात. त्या हाताने दार उघडायला गेलं की अख्खं अंग वळतं, मान खांद्यापलीकडे जाते आणि मागचं दिसतं.

"थांब जरा," ते म्हणाले. "बाई येतेय एक. टोपलीत लीकच्या पातीची जुडी आहे. जाऊ दे तिला."

हिस्केने मागे बघितलं. पार तिकडे, पुलाच्या उतारावर, तिला नुसता एक ठिपका दिसला. ठिपका मोठा होत गेला, त्याची बाई झाली, पुढच्या टोपलीत हिरवी पानं डोलत होती. घंटी वाजवून, हात हलवून ती निघून गेली. वोब्बे तिच्याकडे बघत राहिले, ती कोपऱ्यावर वळेपर्यंत.



"बाबा," हिस्के म्हणाली, "रूलीनने पहिल्यांदा किती बोटं दाखवली होती?"

वोब्बेंनी हळूच दार उघडलं. एक पाय बाहेर टेकला.

"दोन," ते म्हणाले. "आणि त्या बोटांच्या मागे तुझा चेहरा होता."