रांगण्याचा तास

पाठीला बाक आलेली मुलं जनावरासारखी रांगली की कणा सरळ होतो, असं जर्मनीतल्या बॉनच्या डॉक्टरांनी ठरवलं आणि १९०८ साली शाळेच्या व्यायामशाळेत रांगण्याचा तास सुरू झाला. तिथली लाकडी जमीन मेण लावून घासून कंबरडं मोडलेल्या क्युपर्स शिपायाला एक भन्नाट कल्पना सुचली. मुलांच्या गुडघ्यांना बांधायच्या लोकरी पट्ट्यांवर तो गुपचूप मेण चोळू लागला.

"क्युपर्सकाका, गुडघे सटकतायत हो!" ट्रूडे ओरडायची.

"सटकू देत. तू रांग जोरात, आणि कोपरे सोडू नकोस!"

एक दिवस तास चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला तपासनीस येणार होते. बंद झाला तर घासणं पुन्हा आपल्याच गळ्यात, या धसक्याने क्युपर्सने मेण दुप्पट चोळलं.

तपासनीसांनी त्या चकचकीत जमिनीवर पाऊल टाकलं मात्र, आणि ते सपशेल आडवे झाले. कंबर अशी काही धरली की उभं राहता येईना. शेवटी बिचारे मुलांच्या मागोमाग रांगतच दाराकडे निघाले. तपासणीला हजर असलेल्या डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला.

क्युपर्स मात्र अदबीने पुढे झाला.

"साहेब, जरा खिडकीखालून जाता का? तेवढाच एक कोपरा राहिलाय."