बहिरी बाजू

अब्बांची चूक वहिदाला पाहताक्षणीच दिसली.

नव्या अँटेनाची चौकट त्यांनी खिडकीच्या लाकडी फळीवर खिळली होती, ती तिरपी. जुनी चौकट वाळवीनं खाल्ली म्हणून वारण्याआधी त्यांनी ही करायला घेतली होती. तार गुंडाळायची तेवढी राहिली. अशा चौकटीची कड जिकडं करावी, तिकडचं ती ऐकते. सपाट बाजूला बहिरी असते. हे वहिदाला अब्बांनीच शिकवलं होतं, लहानपणी तारेचं रीळ हातात देऊन. कड हैदराबादकडं हवी होती. इथं ती हैदराबाद सोडून भलतीकडंच वळली होती.

शेवटच्या महिन्यांत अब्बा नावं विसरायचे. एकदा तर फोनवर वहिदालाच म्हणाले होते, "आपण कोण बोलताय?" पण हात विसरणार नाहीत, असं ती नांदेडला बसून स्वतःला सांगत आली होती. त्या हातांनी जन्मभर उदगीरचे रेडिओ दुरुस्त केले होते. तिनं पक्कड घेतली आणि कुणाला न सांगता खिळे उपटले.

आतल्या खोलीत अम्मी अब्बांमागची इद्दत पाळत बसली होती. महिनोन् महिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. कुणाशी बोलतही नव्हती. वहिदानं मोबाइल पुढं केला, तेव्हा एवढंच म्हणाली, "उसमें गाने आते. हैदराबाद नै आता." हैदराबाद तिचं माहेर.

वहिदानं चौकट नीट वळवून पुन्हा खिळली, वेढ्याला वेढा लावून तार गुंडाळली, जुन्या सेटातून काढलेला, स्टेशन लावायचा गँग कंडेन्सर जोडला, शेजारी रेडिओ ठेवला. संध्याकाळी हैदराबादचा निवेदक घरात बसून बोलावा तसा बोलू लागला. अम्मी उठून बसली. चहा मागितला. वहिदाला बरं वाटलं, आणि पाठोपाठ उपटलेल्या खिळ्यांकडं नजर गेली. अब्बांचे हातही विसरले होते तर.

तेवढ्यात दारात शेषेराव आले. भिंतीपलीकडची पिठाची गिरणी त्यांची. इद्दतीचं घर म्हणून ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

"लागला का रेडिओ? मग बेटा, एक इचारायचं हाय. भाई गेल्यापास्नं सांजच्याला गिरणी बंद ठिवून राहिलो. भाभींच्या रेडिओत खरखर नको म्हणून. पर बाया दळणं घेऊन दारात भांडून राहिल्यात. म्हणत्यात, शेषेराव, आता ज्वारी कच्चीच खायची काय?"

"तुमच्या गिरणीची खरखर येते?"

"येणारच की. मोटार लई जुनी हाय. भाईंना कितींदा इचारलं. म्हणायचे, 'एकदम साफ येतो, शेषेराव.' माझं मन राखायला खोटं बोलायचे. भिडस्त माणूस."

वहिदानं मागं वळून पाहिलं. फळीवर अब्बांच्या खिळ्यांची भोकं तशीच होती, आधीच्या चौकटीच्या भोकांना अगदी लागून. त्यांच्यावर तिनं मनातल्या मनात चौकट उभी करून पाहिली. सपाट बाजू नेमकी गिरणीच्या भिंतीकडं येत होती.

"काका, आत्ताच चालू करा गिरणी."

पट्टा फडफडला. भिंत थरथरली. निवेदक खरखरीत बुडून गेला. वहिदानं चौकट उचकटून जुन्या भोकांवर टेकवली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. खरखर विरली. हैदराबाद थोडं लांब गेलं, पण शब्दन् शब्द कळत होता.

शेषेराव पिठाच्या हातांनी परत दारात आले. मागं गिरणी धडधडतच होती. ते कितीतरी वेळ कान देऊन ऐकत राहिले.

"म्हंजे भाई माझं मन राखायला बोलत न्हवते?"

"मन राखायलाच, काका," वहिदा म्हणाली. "पण खोटं नव्हते बोलत."