दीपगृहाच्या बुडाशी

डेन्झिल ट्रेविनने पाठीने दार रेटून धरलं आणि हिलरीबाईंना आधी जाऊ दिलं. बाईंच्या हातात खोकं होतं, अंगात चमकतं पिवळं जाकीट होतं, आणि आत शाळेचं संगीत नाटक चालू असल्यामुळे त्या कुजबुजत आभार मानत होत्या. डेन्झिलही कुजबुजत "कसचं, कसचं" म्हणाला. शेवटचं खोकं जड होतं, म्हणून ते त्याने स्वतःच उचलून त्यांच्या गाडीत नेऊन ठेवलं. बाई गरजूंना शिधा वाटणाऱ्या मंडळात होत्या. म्हणाल्या, सुगीच्या सणाला पोरांनी यंदा दानाला हवाबंद डबे फार आणले, बहुतेक घेवडाच आहे, पण लोक खातात.

तो रंगमंचामागे परतला तेव्हा दीपगृह मान डोलावत होतं.

दीपगृह त्यानेच बांधलं होतं. एरवी तो भूगोल शिकवायचा. गालिच्यांच्या दुकानाने फेकून दिलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या, कुणाच्या तरी मेलेल्या कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, वरून पांढरा रंग. दोन पुरुष उंच. माथ्यावरचा सज्जा प्रेक्षकांच्या बाजूला चांगला पुढे आलेला, कारण कागदावर तो तसाच देखणा दिसत होता. सगळं पुढे कोसळू नये म्हणून बुडाशी, मागच्या अंगाला, एक लांब फळी होती आणि फळीवर वजन हवं होतं. अशी लोखंडी वजनं भाड्याने मिळतात, असं त्याने शाळेला सांगितलं होतं. शाळा म्हणाली, मिळत असतील. मग त्याने सभागृहाच्या कोपऱ्यातली डब्यांची खोकी आणून फळीवर रचली आणि वर काळं कापड टाकलं.

आता फळी मोकळी होती.

सज्ज्यात केरेन्सा उभी होती. वय अकरा, भूमिका दीपगृहवाल्याच्या लेकीची. बाप समुद्रावर गेलेला, आणि तो परत यावा म्हणून ती गात होती. बाप शेवटच्या कडव्यात येतो. सध्या पहिलं चालू होतं. तिने समुद्राकडे हात पसरले. दीपगृहानेही तिच्या मागोमाग अंग पुढे टाकलं. प्रेक्षकांना ते फार आवडलं.

डेन्झिल फळीवर जाऊन बसला. दीपगृह थबकलं. त्याने श्वास घेतला, वर काहीतरी करकरलं. त्याने श्वास सोडला नाही.

आता त्याला उठता येत नव्हतं. हाक मारावी, तर वर केरेन्सा दचकणार. नाचून परतणाऱ्या तारली माशांचा थवा समोरून चालला होता, चंदेरी कागदाचे खवले लावलेली धाकट्या वर्गातली पोरं. त्याने खुणेने सगळ्यांना फळीवर बसवलं. एकमेकांना चिकटून, हलायचं नाही, बोलायचं नाही. तारल्या डब्यात बसतात तशा बसल्या.

मुख्याध्यापिका बोलिथोबाई अंधारातून फणफणत आल्या.

"ट्रेविन, माझे मासे कुठे आहेत?"

"बसा, बाई."

"मी उभीच बरी आहे."

"बाई, पोरगी वर आहे. बसा."

बाईंनी वर पाहिलं आणि बसल्या. मग पडदा पाडू या म्हणाल्या. डेन्झिलने आठवण करून दिली की काटकसर म्हणून पडद्याची दोरी दीपगृहालाच बांधली आहे. ती सूचना बाईंचीच होती.

सज्ज्याच्या फटींतून केरेन्साचे पांढरे मोजे दिसत होते. पहिल्या रांगेतल्या आजीने बहुधा हात हलवला असावा, कारण मोज्यांच्या टाचा उचलल्या गेल्या. ती कठड्यावरून वाकली होती. एका तारलीने बोलिथोबाईंचा हात धरला. बाईंनी तो सोडवला नाही.

तेवढ्यात हिलरीबाई आल्या. काळ्या कापडाची त्यांनी छान चौकोनी घडी केली होती. "हे चुकून आमच्याबरोबर आलं," त्या हळूच म्हणाल्या.

"बसा," डेन्झिल म्हणाला.

त्या बसल्या. का, ते विचारणं त्यांना बरं वाटलं नाही.

बाप परत आला. टाळ्या पडल्या. शिडीवर आधी एक मोजा आला, मग दुसरा. केरेन्सा शेवटची पायरी उतरून जमिनीवर उभी राहिली, तेव्हा डेन्झिलच्या छातीतून एवढी हवा बाहेर पडली की शेजारच्या तारलीचे खवले उडाले.

केरेन्साने फळीवरची रांग पाहिली. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही.

"सर, आज पहिल्या कडव्यानंतर ते हललंच नाही."

"म्हणजे?"

"तालमीत शेवटपर्यंत हलायचं. डबे असायचे ना, तेव्हासुद्धा. मला वाटलं, वारा दाखवायला तुम्ही मुद्दाम तसं केलंय." ती जरा हिरमुसली होती. "वारा छान होता, सर."

आणि ती पाणी प्यायला पळाली.

आता उठायला हरकत नाही, असं बोलिथोबाई म्हणाल्या. त्या स्वतः उठल्या नाहीत. कुणीच उठलं नाही.

"उद्याही प्रयोग आहे," त्या समोर बघत म्हणाल्या.

हिलरीबाईंनी मांडीवरचं कापड नीट केलं, आणि थोडं सरकून आणखी एका माणसापुरती जागा केली.